पहिल्या वर्षाचं घडीकाम: कोऱ्या कागदापासून ज्यूरीपर्यंत

नेरुळ, बेलापूर किंवा पनवेलच्या एखाद्या आर्किटेक्चर कॉलेजात पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला असेल, तर बेसिक डिझाइनच्या तासाला कधी ना कधी असं ब्रीफ हातात पडतं: एक ए-३ कागद घ्या, कापायचा नाही, चिकटवायचा नाही, फक्त घड्या घालून तो उभा करा. ऐकताना बालवाडीचं काम वाटतं. सबमिशनच्या आदल्या रात्री मात्र वर्गाच्या ग्रुपवर 'कोणाचं झालं का रे?' सुरू होतं. मी हे काम स्वतः केलंय आणि नंतरच्या बॅचेसना करतानाही पाहिलंय. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

हा प्रकार जुना आहे. जर्मनीतल्या बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेत जोसेफ आल्बर्स १९२३ पासून नव्या विद्यार्थ्यांना शिकवायचे. ते वर्गात वर्तमानपत्रं वाटायचे आणि कमीत कमी हत्यारं वापरून, काहीही वाया न घालवता त्यांतून काहीतरी घडवायला सांगायचे. कागदाचे किल्ले, होड्या, प्राणी करणाऱ्यांचं त्यांना कौतुक नव्हतं. ते काम दगडात किंवा पत्र्यातही झालं असतं, मग कागदच कशाला? कागदाला जे जमतं आणि इतर कशाला जमत नाही, ते दाखवा, एवढीच त्यांची अपेक्षा. तुमच्या सरांनी किंवा मॅडमनी दिलेलं ब्रीफ याच घराण्यातलं आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून 'याचं छप्पर करू की पॅव्हिलियन' असा विचार करू नका. इमारत या लेखात सातव्या पायरीला येते, त्याआधी नाही.

काय काय लागेल

- रोजच्या सरावाला ८० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) साधा झेरॉक्सचा कागद. एक रीम मित्रमैत्रिणींत वाटून घ्या.
- पक्क्या मॉडेलला १२० ते १८० जीएसएमची कार्ट्रिज शीट. २५० च्या पुढची आयव्हरी शीट घडीवर तडकते, पांढरी भेग दिसते. नवखे लोक 'जाड म्हणजे मजबूत' म्हणून तीच आधी घेतात.
- स्टीलची पट्टी, सेट स्क्वेअर, ०.५ ची पेन्सिल, कटर आणि कटिंग मॅट.
- संपलेल्या बॉलपेनाची रिफिल. घडीची रेघ दाबायला यापेक्षा चांगलं हत्यार नाही. बोन फोल्डर मिळाला तर घडी घोटायला घ्या, नाहीतर स्टीलचा चमचा उलटा धरून चालतो.
- टाचण्या, बाइंडर क्लिपा, मास्किंग टेप.
- एक वही. ती कशाला, ते पाचव्या पायरीत.

ठाण्यात राहणाऱ्यांना स्टेशन ते नौपाडा या पट्ट्यातल्या स्टेशनरीच्या दुकानांत यातलं बहुतेक मिळतं. नवी मुंबईवाल्यांनी कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्यालाच आधी विचारावं, तो पोरांच्या सबमिशनवरच जगतो आणि शीट सुटी देतो. वर्गातल्या सगळ्यांसाठी एकदम घ्यायचं असेल तरच क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटला जाण्यात अर्थ आहे. एकट्यासाठी तेवढी पायपीट नको.

१. ब्रीफ दोनदा वाचा आणि तीन प्रश्न विचारून घ्या

कापायला अजिबात बंदी आहे की फक्त तुकडा वेगळा करायला? खालच्या पायाला किंवा बेसला कागद अडकवायची मुभा आहे का? प्रोसेसच्या शीट्स मागितल्यात का, आणि असल्या तर क्रीज पॅटर्न, म्हणजे घड्यांच्या रेषांचा नकाशा, पूर्ण मापात हवा का? हे तिन्ही पहिल्याच तासाला विचारा. बेसमध्ये चीर पाडून कागद त्यात रोवायला परवानगी असेल, तर अर्धं काम सोपं होतं. का, ते सहाव्या पायरीत कळेल.

२. कागदाचा कल ओळखा

मशीनवर बनलेल्या कागदात तंतू बहुतांशी एकाच दिशेला झोपलेले असतात. त्याला ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या बाजूने घातलेली घडी सरळ आणि धारदार येते, आडवी घातलेली करवतीसारखी फुटते. ओळखायचं कसं? कागद न दुमडता हलकेच वाकवा, आधी उभा, मग आडवा. ज्या दिशेला तो निमूटपणे वाकतो, त्या वाकाला समांतर ग्रेन असतो. खात्री नसेल तर कडेचा तुकडा एका बाजूने ओला करा. तो ज्या अक्षाभोवती गुंडाळी करतो तीच ग्रेनची दिशा.

मुख्य, लांब घड्या ग्रेनला समांतर ठेवा. शीट विकत घेतानाच मागच्या बाजूला पेन्सिलने बाण करून ठेवा, कापल्यावर काही कळत नाही.

आपल्याकडे यात पावसाळ्याची भर पडते. पहिलं सत्र सुरू होतं तेव्हा बाहेर धो धो पडत असतं. कागद हवेतली ओल पितो, तंतू लांबीपेक्षा रुंदीत जास्त फुगतात, आणि संध्याकाळी ताठ उभी असलेली घडी सकाळी मान टाकते. कागद झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यात त्या निघतात, फेकू नका. स्टुडिओत एसी असेल तर शेवटच्या घड्या तिथेच घाला.

३. रेघ दाबायला शिका

थेट हाताने दुमडलेली घडी नेहमी एखाद्या मिलिमीटरने सरकते. दहा घड्यांनंतर तो एक मिलिमीटर एक सेंटिमीटर झालेला असतो आणि शेवटची पट्टी बसत नाही. म्हणून आधी पट्टी धरून रिकाम्या रिफिलने रेघ दाबायची, मग दुमडायचं.

वर येणारी घडी म्हणजे डोंगर, खाली जाणारी म्हणजे दरी. स्टुडिओत माउंटन-व्हॅली म्हणतात. डोंगराची रेघ पुढच्या बाजूने दाबा, दरीची मागच्या बाजूने. दाबलेली खाच घडीच्या बाहेरच्या अंगाला राहिली की कागद विनातक्रार वळतो. मागच्या बाजूला रेषा नेमक्या जागी यायला हव्यात, त्यासाठी जिथे रेषा एकमेकींना मिळतात तिथे टाचणीने बारीक भोक पाडा आणि मागून तीच भोकं जोडा. डोंगर लाल आणि दरी निळी, असा रंगभेद सरावाच्या कागदावर तरी ठेवाच.

कटरने अर्धी खोली कापून घडी घालायचा मोह आवरा. ती घडी पहिल्यांदा देखणी येते, चारदा उघडमीट केली की तुटते. ज्यूरीत, म्हणजे काम तपासून प्रश्न विचारणाऱ्या परीक्षकांत, मॉडेल हातात घेऊन उघडमीट करणारं कुणीतरी असतंच.

४. तीन घड्यांवर हात बसवा

इंटरनेटवर शेकडो पॅटर्न आहेत. त्यातला एक उचलून छापला की काम झालं, हा सगळ्यात मोठा सापळा. 'ही पट्टी रुंद केली तर काय होईल?' या एका प्रश्नावर तिथे घोडं अडतं. त्यापेक्षा पुढच्या तीन घड्या मुळापासून करा.

*पंखा.* समान पट्ट्या, एक डोंगर, एक दरी. ए-४ कागदावर तीन सेंटिमीटरच्या पट्ट्या पाडा. प्रत्येक पट्टी ४५ अंशांत उभी राहिली की कागदाची रुंदी सुमारे ७० टक्के उरते आणि खोली दोन सेंटिमीटरच्या थोडी वर जाते. हे आकडे आधी काढा, मग मोजून बघा. सगळा खेळ इथे कळतो.

*मिउरा.* जपानी अवकाश-अभियंते कोर्यो मिउरा यांच्या नावाने ओळखली जाणारी घडी. दोन कोपरे धरून ओढलं की सबंध कागद एकदम उघडतो, ढकललं की एकदम मिटतो. १९९५ मध्ये जपानच्या स्पेस फ्लायर युनिट या यानावर सौर पॅनेल उलगडायला ती वापरली गेली. करायची अशी: तीन-तीन सेंटिमीटरवर उभ्या सरळ रेषा आखा. मग आडव्या नागमोडी, म्हणजे सरळ तुकड्यांच्या झिगझॅग रेषा काढा, प्रत्येक उभ्या रेषेवर वळण घेणाऱ्या. नागमोडी रेषा आणि उभी रेषा यांच्यातला कोन ६० ते ७० अंश ठेवा. नव्वदच्या जवळ गेलात तर उठाव दिसत नाही. आता रंग देताना लक्ष द्या: एक पूर्ण नागमोडी रेषा डोंगर, पुढची पूर्ण दरी, त्यापुढची परत डोंगर. उभ्या रेषा मात्र प्रत्येक छेदबिंदूला पालटतात, डोंगर, दरी, डोंगर, दरी. निम्म्या वर्गाची मिउरा इथेच फसते, कारण उभी रेषा सरळ दिसते म्हणून तिला सबंध डोंगर करून टाकतात.

*योशिमुरा.* पातळ भिंतीची नळी उभी दाबली की तिच्यावर चौकटच्या पत्त्यासारख्या आकृत्या उमटतात. त्यांचाच हा पॅटर्न. समांतर आडव्या रेषा, त्यांच्यामध्ये समद्विभुज त्रिकोण, एकाआड एक ओळ अर्ध्या त्रिकोणाने सरकवलेली. आडव्या रेषा दरी, तिरक्या सगळ्या डोंगर. कागद आपोआप कमान धरतो. त्रिकोणाचा पाया आणि उंची यांचं प्रमाण बदललं की कमानीचा बाक बदलतो.

रेषा दाबून झाल्यावर कागद एकदम गोळा करायला जाऊ नका. प्रत्येक तुकड्याची रेघ बोटांच्या चिमटीत धरून एकेक करून वळवा, मग एका कडेकडून आत सरकत जा. मध्येच कागद अडला तर जोर लावू नका, एखाद्या रेषेचा रंग चुकलेला असतो.

तो शोधायला दोन नियम पुरतात. सपाट मिटणाऱ्या घडीत एका बिंदूपाशी मिळणाऱ्या डोंगर आणि दऱ्या यांच्या संख्येत नेहमी दोनचा फरक असतो. हा माएकावांचा नियम. मिउरात तीन आणि एक, योशिमुरात चार आणि दोन, मोजून बघा. दुसरा कावासाकींचा: त्या बिंदूभोवतीचे कोन एक सोडून एक बेरजेला घेतले तर १८० अंश होतात. पॅटर्न मिटत नसेल तर आधी मोजा, मग कागदाला दोष द्या.

५. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि लिहून ठेवा

माझ्या मते या प्रोजेक्टचा गाभा इथे आहे. तीनपैकी एक घडी निवडा. आता तिच्यात फक्त एक माप बदला. मिउराचा कोन ७० वरून ६० करा, बाकी सगळं तसंच. किंवा पंख्याच्या पट्ट्या एका बाजूला तीन सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूला एक, म्हणजे रेषा समांतर न राहता पसरट होतील. कागद कसा वागला, ते वहीत लिहा: तारीख, कागद, काय बदललं, काय झालं, मोबाइलवरचा फोटो क्रमांक. वाक्यं साधी असू देत. 'कोन कमी केला, उठाव वाढला, पण कडा फाकल्या' एवढं पुरे.

दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे काय झालं ते कळत नाही, आणि ज्यूरीत 'असंच सुचलं' म्हणायची पाळी येते. याच पायरीला बहुतेकांना कंटाळाही येतो, कारण हातात दाखवण्यासारखं काही नसतं, नुसते चुरगळलेले कागद. ते टाकू नका. मागे क्रमांक घालून क्लिपेत लावा. चांगल्या ज्यूरीला अंतिम मॉडेलपेक्षा त्या गठ्ठ्यातच जास्त रस असतो, आणि फसलेल्या कागदांवरूनच तुम्ही निवडीचं कारण सांगू शकता.

६. वजन ठेवून बघा

दोन पुस्तकांमध्ये वीस सेंटिमीटरचं अंतर ठेवा आणि सपाट कागद त्यावर आडवा टाका. स्वतःच्याच वजनाने तो खाली झुकतो. तोच कागद पंख्याची घडी घालून ठेवा. आता वर छोटी पाकिटं ठेवत जा. किराण्यातली बंद पाकिटं उत्तम, वजन छापलेलं असतं.

सपाट असताना झुकणारा कागद घडीने वजन पेलतो. हे का घडतं, त्याचा हिशोब सोपा आहे. ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. घडीने त्याच कागदाला २० मिलिमीटर खोली मिळाली, म्हणजे खोली २०० पट झाली. वाकायला होणारा विरोध तेवढ्याच कागदासाठी खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: २०० गुणिले २००, म्हणजे गणिताने चाळीस हजार पट. प्रत्यक्षात तेवढा भार कधीच पेलला जात नाही, कारण त्याच्या कितीतरी आधी घड्या बाजूला फाकतात आणि पंखा सपाट होतो.

हे फाकणं नीट बघा. कुठे सुरू झालं, टोकाला की मध्ये? टोकं अडवली तर काय होतं? बेसच्या चिरेत कागद रोवला किंवा टोकाची घडी उलट दिशेला मोडून बंद केली, तर तोच पंखा कितीतरी जास्त वजन घेतो. खऱ्या घडीच्या छपरांना टोकाशी आडव्या भिंती किंवा ताण पेलणारे बंध असतात, ते याच कारणाने. स्ट्रक्चर्सच्या तासाला हा विषय पुढे येईलच. तेव्हा तुमच्या हातांना तो आधीच ठाऊक असेल.

७. आता इमारत

जागा लहान आणि ओळखीची घ्या. ठाण्यात तलावपाळीच्या कडेला बसायचा निवारा, किंवा वाशीच्या मिनी सीशोअरला चहा-भेळेच्या गाड्यांवरचं छप्पर. मग मापाचं भान ठेवून स्वतःला प्रश्न विचारा.

स्केल: १:५० धरलं तर तीन सेंटिमीटरची पट्टी दीड मीटरची होते, दोन सेंटिमीटरची खोली एक मीटरची. ए-३ ची लांब बाजू एकवीस मीटर! तलावपाळीच्या बाकावर एकवीस मीटरचं छप्पर कोण घालणार? स्केल बदला किंवा मॉडेल छोटं करा. शेजारी माणसाची कटआउट आकृती उभी करा, लगेच कळतं.

जाडी: त्याच स्केलला ०.१ मिलिमीटरचा कागद म्हणजे पाच मिलिमीटरची पाटी. काँक्रीटचा पाच मिलिमीटरचा स्लॅब नसतो. मग तुमचं छप्पर कशाचं? पत्रा, लाकडी पॅनेल, काँक्रीट? प्रत्येकाची घडी वेगळी. स्वित्झर्लंडमधल्या सें-लू इथलं २००८ चं छोटं चॅपल लाकडी पॅनेलांचं आहे. पॅरिसच्या युनेस्को मुख्यालयातलं सभागृह (१९५८) काँक्रीटचं. आपल्याकडे अहमदाबादचा टागोर हॉल वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी स्ट्रक्चरल इंजिनियर महेंद्र राज यांच्यासोबत केला, त्याच्या काँक्रीटच्या घड्या बाहेरूनही स्पष्ट दिसतात. जमलं तर प्रत्यक्ष जाऊन बघा, फोटोत त्या घड्यांची खोली कळत नाही.

जाडीचा अंदाज घ्यायला दोन मिलिमीटरच्या माउंट बोर्डाचे तुकडे टेपने जोडून दोन-चार पॅनेलं करून बघा. टेप घडीच्या आतल्या बाजूला असेल तर तुकडे चिकटून ठेवले तरी मिटतात. टेप बाहेरच्या बाजूला असेल तर दोन तुकड्यांत जाडीच्या दुप्पट, म्हणजे चार मिलिमीटर फट सोडावी लागते. कागदात न दिसणारी ही भानगड खऱ्या बांधकामात सगळ्यात महाग पडते.

पाऊस: प्रत्येक दरी म्हणजे एक पन्हळ. तिचा उतार कुठे आणि पाणी कुठे पडणार? बाकावर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर तर नाही ना? मिउराच्या छपरात दरी नागमोडी जाते, छप्पर आडवं ठेवलं तर पाणी तिच्यात तुंबतं. त्याला एका बाजूला कल द्यावाच लागतो. अमेरिकेत कोलोरॅडोमधलं हवाई दलाच्या अकादमीचं चॅपल १९६२ चं, सतरा टोकदार सुळक्यांचं, जगभर गाजलेलं. ते सुरुवातीपासून गळत होतं आणि २०१९ मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी बंद करावं लागलं. कोलोरॅडो तसा कोरडा प्रदेश. कोकणातल्या पावसात सांध्यांचा विचार पहिल्या स्केचपासून हवा. तयार मॉडेलवर बाटलीच्या झाकणाने मोहरीचे दाणे ओता, ते कुठे जमतात ते बघा. पाणी ओतून कागद घालवू नका.

८. सबमिशनला काय न्यायचं

ब्रीफमध्ये वेगळं सांगितलं नसेल तर हा संच पुरतो: अंतिम मॉडेल, त्याच मापातला क्रीज पॅटर्न (डोंगर सलग रेषेत, दरी तुटक रेषेत, खाली खुणांचा अर्थ), क्रमांक घातलेले सरावाचे कागद, बदलांची नोंद, वजनाच्या चाचणीचे फोटो, आणि माणसासकट एक सेक्शन (उभा छेद). अंतिम मॉडेलची दुसरी प्रत ताज्या कागदावर आदल्या दिवशी करून ठेवा. हाताळलेला कागद ज्यूरीपर्यंत थकलेला असतो.

नेण्याची तयारी वेगळी करावी लागते. सकाळी ठाण्याहून पनवेल गाडीत कागदाचं मॉडेल हातात धरून चढणं म्हणजे त्याची चटणी करून घेणं. मिटणारं मॉडेल मिटूनच न्या आणि स्टुडिओत उघडा. न मिटणारं असेल तर केकच्या खोक्यात, तळाला मास्किंग टेपने अडकवून, वरून प्लॅस्टिकची पिशवी. शक्य असेल तर गर्दीच्या आधीची गाडी पकडा. बेस वेगळा न्या. टेप, क्लिपा आणि एक कोरी शीट बॅगेत असू दे.

बोलताना 'मला लाटांपासून प्रेरणा मिळाली' ने सुरुवात करू नका. लाटा समोरच्यांनी भरपूर ऐकल्या आहेत. घडी कुठली, कुठलं माप बदललं, काय फसलं, म्हणून हे निवडलं, एवढ्या क्रमाने दोन मिनिटं बोला. मॉडेल त्यांच्या हातात द्या. कागद मिटतो-उघडतो तेव्हा प्रश्न आपोआप घडीबद्दल येतात.

९. झाल्यावर

त्याच दिवशी फोटो काढा, पावसाळ्यात दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. काळा चार्ट पेपर मागे, खिडकीचा उजेड एका बाजूने, फ्लॅश बंद. तिरक्या उजेडात घड्यांची खोली दिसते, समोरून मारलेल्या उजेडात सगळं सपाट होतं. एक फोटो उघड्या अवस्थेतला, एक अर्धा मिटलेला, एक पूर्ण मिटलेला. पोर्टफोलिओत हे तीन शेजारी लावले की वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

मिउरा मिटवून ए-४ फाइलमध्ये मावते. कमानी आणि पंखे उलगडून जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा. क्रीज पॅटर्नची मूळ शीट मात्र पुढच्या बॅचला उसनी देऊ नका. झेरॉक्स काढून द्या, मूळ शीट परत येत नाही.